बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. त्यांची मुलगी मनोरमा तेव्हा अडीच वर्षांची होती, तिचाही त्याच दिवशी झाला. ही तारीख सगळ्यांच्या तोंडी असते. ज्यांना त्यांचं धर्मांतर अजून खुपतं ते भांडण इथूनच सुरू करतात. आणि आपल्या मंडळ्यांमध्ये त्यांचं नाव कौतुकाने घेतलं जातं, तिथे कथा इथेच संपते. अंधार होता, उजेड पडला, आमेन.

रमाबाईंची स्वतःची साक्ष मात्र वेगळं सांगते. १९०७ साली त्यांनी ती लिहून प्रसिद्ध केली. तिच्यात त्या स्वच्छ म्हणतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता, आणि हे आपल्याला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं. म्हणजे १८९१ साली.

या आठ वर्षांचं हे प्रकरण आहे. एक बुद्धिमान बाई सगळा विचार करून, कुणाच्या दडपणाला बळी न पडता बाप्तिस्मा घेते. त्यानंतर ती शिकते, लिहिते, अमेरिका पालथी घालते, मुंबईत विधवांसाठी शाळा काढते. आणि एवढं करूनही तिच्या जिवाला शांती नसते. कशाची उणीव होती?

आपल्याकडे याचं उत्तर तयार असतं, ‘विश्वास कमी पडला.’ मला ते उत्तर आळशी वाटतं. कारण शोधायचं तर त्यांच्या लहानपणापासून सुरुवात करावी लागते.

पुण्याचा हिशेब

अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान वैष्णव ब्राह्मण. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्यापायी जातवाल्यांचा रोष ओढवून घेतला. पश्चिम घाटात गंगामूळच्या रानात ते राहिले, तिथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. पुढे घर सुटलं आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला लागलं. देवळाच्या ओसरीत पुराण सांगायचं, समोर पडेल ती दक्षिणा घ्यायची, तीही पुन्हा दानधर्मात घालायची. स्नान, जप, उपास, अनुष्ठान, प्रदक्षिणा, ब्राह्मणभोजन. रमाबाईंनी दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या आहेत, त्यात हे सगळं येतं. जवळचं सोनं-चांदी, भांडीकुंडी, बरे कपडे एकेक करून गेले आणि त्यातलाही वाटा दानात गेला. पुण्य साठवलं की देव कधीतरी पावेल, असा तो हिशेब होता.

देव पावला नाही. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात ही माणसं भुकेने कोसळत होती. तिरुपतीच्या डोंगराजवळच्या रानात अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडिलांनी तर तीर्थात जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. थोरला भाऊ श्रीनिवास मजुरी करीन म्हणाला, तेव्हा ते थांबले. ब्राह्मणाच्या पोराने मजुरी करायची, तीही शास्त्र्याच्या! त्यानंतर थोड्याच काळात आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. जाण्याआधी वडिलांनी या धाकट्या लेकीला जवळ घेऊन सांगितलं की तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, त्याचीच होऊन राहा.

उरली बहीण-भावंडं दोघंच. काश्मीरपर्यंत पायी भटकली. झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरायला काही नव्हतं, म्हणून वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणून त्यांत शिरत आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेत. हे वाचलं की त्या बाईच्या पुढच्या सगळ्या शब्दांना वजन येतं. ‘माझ्याकडे देवाला द्यायला काही नाही’ हे वाक्य उपासनेत आपणही म्हणतो. रमाबाई त्या वाळूतून उठून आल्या होत्या.

१८७८ ला कलकत्ता. तिथे पंडितांनी परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला दोघं गेली, तर तिथली माणसं खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकत होती. यांना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! तीर्थांमागून तीर्थं पाहिलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

मग शास्त्रं वाचायला मिळाली. त्यांच्या म्हणण्यानुसार एरवी एकमेकांशी न जुळणारी धर्मशास्त्रं, पुराणं आणि काव्यं दोन गोष्टींवर मात्र एकमुखी होती: स्त्रीजात, वरची असो वा खालची, वाईटच, आणि नवऱ्यालाच देव मानून सेवा केली तर तिला काही आशा, एरवी नाही. म्हणजे ज्या हिशेबासाठी आईबाप उपाशी मेले, त्या वहीत हिच्या नावाचं खातंच नव्हतं.

इथे मराठी वाचक हमखास विचारतो, आपल्या भक्तिपरंपरेत कृपा नव्हती का? होती की. नारायण वामन टिळक तर सांगत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पण रमाबाई त्या पुलावरून आल्या नाहीत. मराठी त्या आईकडून शिकल्या, तरी वाढल्या महाराष्ट्राबाहेर, संस्कृत पुराणांत आणि तीर्थाच्या पायऱ्यांवर. टिळकांची वाट रमाबाईंच्या गळ्यात बांधणं योग्य नाही.

वाँटेज

१८८० ला भाऊ ढाक्यात वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली, परजातीच्या वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि सिल्चरला गेल्या. तिथे पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. मांडीवर मनोरमा. पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि डॉक्टरी शिकायची म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या. कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे ती डॉक्टरी पुढे जमली नाही, हा भाग वेगळा.

वाँटेजच्या मठातल्या भगिनींकडे उतरल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाच्या बाई होत्या. परक्या देशात, कसल्या तरी भीतीने मन फाटून त्यांनी तिथेच आत्महत्या केली. हे बाप्तिस्म्याच्या थोडंसंच आधी घडलं. बाप्तिस्म्याचा दिवस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पांढरे कपडे आणि गाणी येतात. त्या दिवशी वाँटेजला गाणी झाली असतीलही, पण त्या घरावर सुतकाची सावली होती.

तरी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. का घेतला, याची दोन कारणं त्या देतात. एक डोक्याचं: फादर नेहेम्या गोरे, म्हणजे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री, यांनी पत्रांतून केलेला युक्तिवाद पटला. दुसरं डोळ्यांनी पाहिलेलं. लंडनच्या फुलहॅम भागात याच भगिनी वाममार्गाला लागलेल्या स्त्रियांना सांभाळत होत्या. आपल्याकडे जिची सावली नको, अशा बाईशी त्या मायेने बोलत होत्या. हे कशासाठी, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तर म्हणून एका भगिनीने योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवरची शोमरोनी बाई, तिचे पाच नवरे, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. रमाबाई लिहितात की स्त्रीला वर काढणारा हाच एक, हे तेव्हा कळलं.

माझ्या मते या प्रकरणाचा काटा इथे आहे. त्यांना दया दिसली, पण ती दुसऱ्यांवर झालेली दया होती. फुलहॅमच्या त्या बायकांना ती लागू आहे हे पटलं. आपण स्वतः त्या रांगेत उभ्या आहोत असं त्यांना वाटलं नसावं. वाटणार कसं? त्या पंडिता होत्या, सरस्वती होत्या, कुणाचं एक पै न लागता जगलेल्या होत्या.

पुढची पत्रं वाचावीत. गुरुबाई म्हणून लाभलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचं अखंड भांडण चाललं होतं. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), पुनरुत्थान, मतांगिकार (श्रद्धेचं ठरीव कबुलीवचन), बिशपचा अधिकार, गळ्यातल्या क्रुसावर कोणत्या भाषेत अक्षरं असावीत, मनोरमेला काय शिकवावं, अंडं घातलेलं खावं की नाही. १८८५ मधल्या पत्रात त्यांनी सुनावलं की हिंदुस्थानातल्या भटांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढलं आहे, आता दुसरं तसलंच घ्यायची तयारी नाही. जेराल्डिन यात गर्व पाहत. मला त्यात गर्व दिसत नाही. बहुतेक मुद्द्यांवर रमाबाईंचं बरोबर होतं असंच वाटतं. पण जे जू त्या नाकारत होत्या ते माणसांचं होतं. त्या वेळी देवाशी काय चाललं होतं, याबद्दल पत्रं फार काही सांगत नाहीत. सगळा वेळ डोकं कामात होतं.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून अमेरिकेला गेल्या आणि तीन वर्षं राहिल्या. तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं त्यांचं पुस्तक गाजलं, बोस्टनला मदतमंडळ उभं राहिलं, दहा वर्षांच्या खर्चाची हमी मिळाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. बाहेरून पाहणाऱ्याला ही बाई कृतार्थ वाटली असती.

१८९१

प्रकाश कडाडून पडला, वाणी झाली, असलं काही नाही. त्यांनी दिवससुद्धा दिलेला नाही. त्या सुमारास हॅस्लम नावाच्या इंग्लिश धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हा कॉर्नवॉलचा पाळक वर्षानुवर्षं चर्च चालवत होता, आणि १८५१ साली स्वतःच उपदेश करता करता स्वतःच्याच उपदेशाने त्याचं परिवर्तन झालं. लोक ओरडले की पाळकाचंच तारण झालं! आम्ही हा किस्सा हसून सांगतो. रमाबाईंना हसू आलं नसेल. धर्माचं दुकान थाटून बसलेल्या माणसाच्या हाती मालच नव्हता, आणि तो हे छापून सांगत होता.

त्यांनी पवित्र शास्त्र पुन्हा हाती घेतलं. या वेळी वाद घालायला नव्हे. साक्षीतला हा भाग मी अनेकदा वाचला आहे. त्याचा गाभा असा: विचार करून उपयोग होईना, मी माझ्या टोकाला येऊन पोचले, मग कसलीही अट न घालता तारणाऱ्याच्या स्वाधीन झाले आणि माझ्यावर दया कर, तूच माझं नीतिमत्त्व आणि माझा उद्धार हो, असं विनवलं.

‘दया कर’ हे शब्द त्यांच्या तोंडून आले हे महत्त्वाचं. पाळकमंडळी समजावतात की दया म्हणजे वाजवी शिक्षा न मिळणं आणि कृपा म्हणजे लायकी नसता देणगी मिळणं. वर्गात शिकवायला ठीक आहे. रमाबाईंच्या लिहिण्यात हा भेद टिकत नाही, दोन्ही एकात वाहतात. त्यांना ज्याचं नवल वाटलं ते असं की आपण प्रेमाला पात्र होईपर्यंत देव वाट पाहत नाही, आधीच ओतून मोकळा होतो. पुढचे जन्म नकोत, अनुष्ठान नको, आधी पुरुषजन्म मिळायला नको. हिंदुस्थानात जन्मलेल्या माझ्यासारख्या बाईला ही केवढी चांगली बातमी, असं त्या लिहितात, आणि त्या पानावर एरवी कोरडं लिहिणाऱ्या या विदुषीची भाषा एकदम सैल, उत्कट होते.

आनंद कसला, हे सांगायला त्यांनी योहानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध घेतला. दाट काळोखाच्या खोलीत कोंडून निकडीची वस्तू चाचपडत शोधलेल्यालाच हे कळेल, असं त्या म्हणतात. ज्याने दिवसाचा उजेड कधी पाहिला नाही आणि पाहायची आशाही नव्हती, त्याला एकाएकी दिसू लागलं, तर त्याच्या हर्षाचं वर्णन कोण करील?

एक सावधगिरीही नोंदवायला हवी. ही साक्ष घटनेनंतर सोळा वर्षांनी लिहिलेली आहे. मधल्या काळात रमाबाईंचा संबंध पुनरुज्जीवनवादी मंडळींशी वाढला, ‘धर्म सापडला, ख्रिस्त नाही’ ही भाषाही त्या मंडळींच्या ओळखीची. म्हणजे १८८३ चा विश्वास मागे वळून पाहताना त्यांना होता त्याहून फिका दिसला असेल, हे शक्य आहे. तरी मी साक्ष खरी धरतो. तिच्या बाजूचा पुरावा त्यांच्या पुढच्या वागण्यात आहे, शब्दांत नाही.

मग काय बदललं

१८९३ ची गोष्ट घ्या. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलं होतं. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करत, पण दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. काहींना ख्रिस्ताची ओढ लागली. पुण्यात वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, ‘केसरी’ने आधीपासूनच कडाडून टीका चालवली होती, आणि सुमारे पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं. या वादात मी रमाबाईंना पूर्ण निर्दोष ठरवणार नाही. लेकी-सुना विश्वासाने पाठवलेल्या घरांना फसवलं गेल्यासारखं वाटलं असेल तर त्यांचं सगळंच चुकलं असं म्हणता येत नाही. पण दार बंद करणं म्हणजे त्यांच्या लेखी सापडलेला उजेड टोपलीखाली झाकणं होतं. त्यांनी दार उघडं ठेवलं आणि नुकसान सोसलं. वाँटेजची रमाबाई लांबलचक प्रतिवाद लिहीत बसली असती. या वेळी त्या उरलेल्या मुलींना घेऊन कामाला लागल्या.

१८९५ च्या एप्रिलमध्ये लोणावळ्याच्या शिबिरात त्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या. या पंधरा विश्वासात आल्या होत्या. पहाटे एकट्या रानात जाऊन त्यांनी मागणं केलं की या आकड्याचा वर्ग होऊ दे. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. हे वाचून पहिल्यांदा मला हसू आलं होतं. आईबापांचा पुण्याचा हिशेब ज्या लेकीने टाकून दिला, तीच आता गणित घालते आहे! पण फरक आहे. तो हिशेब देवाला द्यायच्या रकमेचा होता. हा मागण्याचा आहे, आणि मागणाऱ्या पोरीला आपल्याकडे काही नसल्याची लाज उरलेली नाही.

उत्तर आलं ते दुष्काळाच्या वाटेने. १८९६-९७ ला मध्य प्रांतात माणसं मरू लागली. रमाबाई गेल्या. रस्त्यावर हाडांचे सापळे झालेल्या पोरी पाहताना त्यांना तिरुपतीचं रान आठवलं, असं त्यांनीच लिहिलं आहे. तीनशेच्या आसपास मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, नव्या माणसांना शहरात ठेवायला सरकारी मज्जाव. म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेल्या शेतात झोपड्या उभारल्या. तिथे १८९८ मध्ये मुक्ती सदन झालं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळाने आणखी शेकडो मुली आल्या. ज्या बाईचे आईबाप ‘देव देईल’ म्हणत उपाशी मेले, तिने देवाच्या भरवशावर हजारांच्या वर तोंडांचा संसार मांडला.

मात्र भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं केडगावला कधी दिसलं नाही. विहिरी खणल्या, फळबाग लावली, गाई ठेवल्या, विणकाम, सुतारकाम, छापखाना काढला. अमेरिकेच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपत होती तेव्हा त्या स्वतः जाऊन नवी व्यवस्था लावून आल्या. ‘प्रभू पुरवील’ म्हणणाऱ्या आमच्या काही भाविकांना हे सांगावंसं वाटतं, पण असो.

त्या आवारात एक घर होतं, कृपा सदन. वाट चुकलेल्या, वापरून टाकून दिलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला जे पाहिलं होतं तेच, सोळा-सतरा वर्षांनी, केडगावच्या काळ्या मातीवर. मधल्या काळात त्या स्वतः त्या रांगेत उभ्या राहून आल्या होत्या, म्हणून हे घर दानशूर बाईच्या उपकाराचं झालं नाही. आंधळ्यांसाठीच्या घराला त्यांनी बायबलातल्या आंधळ्या बार्तीमीवरून बार्तीमी सदन नाव दिलं. मनोरमा ब्रेल शिकून आली होती, ती तिथे शिकवी.

१९०५ च्या जानेवारीत सत्तरेक मुली रोज प्रार्थनेला जमू लागल्या, पुढे संख्या साडेपाचशेवर गेली, आणि जूनअखेर जे सुरू झालं त्याला आम्ही केडगावचं संजीवन म्हणतो. आधी रडणं, पापं कबूल करणं, मग हसणं, गाणं, टाळ्या, नाच. काही मिशनऱ्यांनी नाकं मुरडली. रमाबाईंनी थांबवलं नाही. ज्यांना धड ऐकू येत नव्हतं, त्या बाईंच्या आवारात एवढा गलका! दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींचा तो आनंद होता. त्याचं मोजमाप बाहेरच्याने कोणत्या पट्टीने घ्यायचं?

स्वतः रमाबाई त्या वेळी भाषांतरात बुडत चालल्या होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, बायाबापड्यांना कळेल अशा साध्या मराठीत, एकटीने सगळं शास्त्र. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्यांनी या दोन्ही भाषांचा अभ्यास मांडला. जुन्या मराठी बायबलातले जड संस्कृत शब्द त्यांना नको होते. संस्कृत ज्यांनी आईच्या मांडीवर घेतलं त्यांनीच ते बाजूला सारलं.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा मिरजेला गेली. चाळीस वर्षांची होती, संस्थेचा पुढचा सगळा भार तिच्यावर टाकायचा होता. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता लेक. त्यांनी भाषांतर सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते बायबल केडगावच्याच छापखान्यात छापून पुरं झालं. खिळे जुळवायला मुक्तीच्याच बाया होत्या.